वन्संची दुसरी पिशवी

रेवा, ईशान,

तुमच्या आत्याआजीला जाऊन आता महिना होईल. परवा रेवाने फोनवर विचारलं, "आजी, तिचा कॅमेरा मला देशील? आणि ती तो कशात घालून न्यायची गं? मला रोज खांद्याला लावता येईल अशी बॅग हवी आहे, पण दिसायलाही चांगली. इथे दुकानातल्या सगळ्या बॅगा लढाईला निघाल्यासारख्या दिसतात." वरच्या मजल्यावरच्या काकूंची मुलगी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे परत निघते आहे. तिच्या सामानात थोडी जागा आहे. म्हणून आज लिहायला बसले.

रेवाच्या प्रश्नाचं उत्तर मी महिन्यापूर्वी एका ओळीत दिलं असतं, आणि ते साफ चुकीचं ठरलं असतं. आता बरोबर उत्तर माझ्याकडे आहे. पण ते तुम्हाला देण्याआधी मला तिच्याशी बोलायचं आहे, म्हणून पुढचा सगळा मजकूर तिला उद्देशून आहे. तुम्ही शेजारी बसून ऐका. ती तुमच्या आजोबांची थोरली बहीण, म्हणून मी तिला वन्सं म्हणायचे आणि 'अहो-जाहो' करायचे. एका घरात राहायला लागल्यावरही ते सुटलं नाही. माझं शिक्षण इंग्रजीतून झालं, वाण्याची यादीसुद्धा मी इंग्रजीत करते, पण तुम्हाला मराठीतच लिहायचं हा तिचा हट्ट होता. अडेल तिथे बाबाला विचारा.

वन्सं, जुना कॅमेरा विकायला तुम्ही किती महिने लावलेत! खांदा इतका धरला होता की वेणी घालायला हात वर जात नव्हता, तरी "अजून छान चालतोय गं" सुरूच. शेवटी डॉक्टरांनी दटावलं तेव्हा तुम्ही हा लहान कॅमेरा घेतलात. दुकानदार समजावत होता, "मॅडम, याच्या आत आरसा नसतो, त्यामुळे हलका." तुम्ही पांढऱ्या केसांवरून हात फिरवत म्हणालात, "या वयात आरसा नसलेलाच बरा हो." हसावं की नाही, हे त्याला कळेना. मी तेव्हा वॉरंटीचा कागद वाचत होते. तुमचे कितीतरी विनोद मी असे कुठला तरी कागद वाचता वाचता ऐकले आहेत.

कॅमेरा तळहाताएवढा, एक चपटी लेन्स, एक जराशी लांब. एवढ्याशा संसाराला घर शोधायला आपण पुण्यातली दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानात त्यांनी पाठीवरची मोठी सॅक काढली. तुम्ही ती बोटाने ढकललीत. "ही घालून मी काय गडावर निघालेय?" दुसऱ्या दुकानात एक चौकोनी, कडक पेटी. तुम्ही झाकण उघडलंत, आत डोकावलात आणि त्या माणसाला अगदी गंभीरपणे विचारलंत, "यात पोळ्या किती वेळ गरम राहतात?"

तुम्ही जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलीत. हातमागाची साडी, मोठं कुंकू, हातात चांदीचं एकच कडं. पिठाच्या गिरणीतसुद्धा तुम्ही रंग जुळवून जायचात. त्यामुळे बॅगेबद्दल तुमच्या अटी ठरलेल्या होत्या. साडीवर शोभली पाहिजे. एका हाताने उघडली पाहिजे, कारण दुसरा हात वर जात नाही. दगडावर, गवतात, कुठेही टेकवता आली पाहिजे. आणि बघणाऱ्याला आत कॅमेरा आहे हे कळता कामा नये. या शेवटच्या अटीला मी त्या वेळी फारसं महत्त्व दिलं नाही. मला वाटलं, तुम्हाला चोरांची भीती वाटते.

माझ्याही अटी होत्या. चारी बाजूंनी गादी हवी, प्रत्येक वस्तूला वेगळा कप्पा हवा, चेन शेवटपर्यंत लागली पाहिजे, वरून पावसाचं आवरण हवं. मुळशीचा पाऊस तुम्हाला काय सांगायचा. आपल्या भुकूममध्ये जुलैत कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. चांदणी चौकापासून घरापर्यंत टॅक्सीत आपण भांडत आलो.

"सुमन, बॅग म्हणजे तिजोरी नाही गं."

"पिशवीही नाही, वन्सं. आत काचा आहेत."

"काचेच्या बांगड्या घालून मी जन्मभर फळ्यावर खडू चालवला. एक फुटली नाही."

"फुटल्या असतील. तुम्ही कुणाला सांगितलं नसेल."

ड्रायव्हर हसला. तुम्हीही हसलात आणि खिडकीबाहेर बघायला लागलात. ते वाक्य मी असंच बोलून गेले होते.

मग तुमच्या वाढदिवसाला मी ती काळी बॅग मागवली. किती बघून मागवली होती! इतरांनी काय लिहिलंय ते वाचलं, मापं टेप लावून ताडून पाहिली, कप्प्यांत ओल शोषणाऱ्या पुड्या मी स्वतः घातल्या. तुम्ही ती मांडीवर घेतलीत. झाकणाची चिकटपट्टी उघडलीत, चर्रर्र आवाज झाला, पुन्हा लावलीत. सगळे कप्पे बघितलेत. म्हणालात, "छान आहे हो. अगदी तुझ्यासारखी आहे, सुमन."

मला ते कौतुक वाटलं. अजूनही मला नक्की सांगता येत नाही, की ते कौतुक नव्हतं.

सोसायटीच्या मागे डोंगराची सोंड उतरते, तिथे गावातल्या एका बागायतदाराच्या पडीक रानात हिराबाईंचं वाडगं होतं. मेंढरांना कोंडायला काट्याकुट्यांचं कुंपण, शेजारी पत्र्याची खोली. हिराबाईंशी माझी ओळख म्हणजे तक्रारीची. त्यांच्या शेळ्यांनी सोसायटीची मेंदीची कड खाल्ली तेव्हा मीच सभेत विषय काढला होता. तुमची ओळख वेगळी. तुम्ही जुन्या कॅमेऱ्याच्या दिवसांपासून तिथे जायचात, बसायचात, बहुतेक वेळा एकही फोटो न काढता परत यायचात.

नवी बॅग आल्यावर तुम्ही मलाही चल म्हणालात. मी पायात बूट घातले, डोक्याला टोपी. तुमच्या खांद्याला काळी बॅग. हिराबाई रानात गेल्या होत्या. वाडग्यापाशी त्यांचे सासरे बसले होते, त्यांना कमी दिसायचं. आपण जवळ जायच्या आत ते काठी टेकवत उठले.

"झाली हाय आमची मोजणी. मालकाला इचारा. जावा."

"अहो बाबा, मी. फोटोवाल्या बाई."

"कोन बी आसा. ती पेटी घिऊन हितं यायचं न्हाई. परत्येक येळी काळी पेटी येती आन् मग खुटं ठोकत्यात."

त्या भागात जमिनी विकल्या जात होत्या. खांद्याला काळी गादीची बॅग लावून जो कुणी रानात उतरायचा, तो मोजणीचं यंत्र घेऊन यायचा, आणि मोजणी झाली की धनगरांना वाडगं उचलावं लागायचं. म्हाताऱ्याचं काही चुकलं नव्हतं. तुम्ही बॅग पाठीमागे लपवत हसत होतात, पण हसू नेहमीचं नव्हतं. मला रागच आला होता. येताना तुम्ही म्हणालात, "बघ, ही आपल्याआधी बोलते." मी म्हटलं, "मग आपण त्यांना नीट समजावून सांगायचं, की मोजणी नाही, फोटो आहेत. त्यासाठी चांगली वस्तू टाकून द्यायची?" तुम्ही उतारावर माझा हात धरलात, एवढंच.

मी पुन्हा तिकडे गेले नाही. आणि तुम्ही त्यानंतर बॅगेबद्दल एक शब्द काढला नाही. वाद संपला असं मी धरून चालले.

रोज सकाळी तुम्ही काळी बॅग खांद्याला लावून फाटकातून बाहेर पडायचात, मी गॅलरीतून हात करायचे. ऊन चढायच्या आत परत यायचात. मी बॅग फडक्याने पुसायचे, तिला मेंढरांचा वास यायचा, पुड्या बदलायचे, खुंटीला अडकवायचे. तीन पावसाळे असे गेले. बॅगेवर एक ओरखडा नाही, पट्ट्याचा धागा निसटलेला नाही. मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचे, "बघा, चांगली वस्तू घेतली की अशी टिकते." तुम्ही तिथेच बसलेल्या असायचात. चहात बिस्किट बुडवत मान हलवायचात.

फोटो मात्र बदलले होते. हे मी तेव्हाही पाहत होते, कारण ते कॉम्प्युटरवर नीट लावून ठेवायचं काम माझंच होतं. आधीच्या फोटोंत माणसं ताठ उभी राहायची, हात पोटाशी. आता मेंढरांची लोकर कातरताना वाकलेली पाठ, बाळाला पाजताना पेंगलेली हिराबाईंची सून, त्यांचे सासरे तर खदखदा हसताना, तोंडात एकच दात. मी म्हटलं, "लोकांना सवय झाली तुमची." तुम्ही म्हणालात, "हो, सवय झाली."

तुमच्या जाण्याबद्दल मी लिहिणार नाही. सकाळची वेळ होती, चहा अर्धा राहिला, एवढं पुरे. दिवस झाले, माणसं आली आणि गेली, मग मी घर आवरायला काढलं. तुमच्या कॅमेऱ्यातलं शेवटचं कार्ड कॉम्प्युटरला लावलं, तर त्यात एक वाकडा फोटो होता. खडकावर बसलेल्या तुम्ही, निळी साडी, मांडीवर दोन्ही हात, पण डोकं वरून कापलेलं. काढणाऱ्याला चौकट साधली नव्हती. तुमच्या काखेत मातकट रंगाची एक छोटी पिशवी होती. झाकणाच्या कडेला मरून काठ. फार सुरेख दिसत होती. मला वाटलं, हिराबाईंची भाकरीची पिशवी असेल, तुम्ही धरून बसला असाल.

चार दिवसांनी खालून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, शेळीवाल्या मावशी आल्यात. वर सोडू का?" मला वाटलं, मेंदीचं काहीतरी.

हिराबाई दारातच उकिडव्या बसल्या. सोफ्यावर या म्हटलं, तर नाही. "मेंढरं रस्त्याच्या कडंला हायती, बसाया येळ न्हाई. थोरल्या बाईंची ठिव हाय माझ्याकडं, ती द्याया आले." आणि पदराखालून त्यांनी फोटोतली ती पिशवी काढली.

"ही वन्संची?"

"मंग कुनाची? माझी आसती तर हितं कशाला आनली आसती?"

मी ती हातात घेतली. बाहेरून जाड कॅनव्हास, ओल्या मातीच्या रंगाचा. मरून काठ तुमच्या विरलेल्या महेश्वरीचा होता, मी लगेच ओळखला. चेन नाही, चिकटपट्टी नाही; एक लाकडी गुंडी आणि दोरीचा फास, एका अंगठ्याने निघणारा. आत चारी बाजूंनी जाड घोंगडी, तिच्यावर फिक्या पिवळ्या सुती कापडाचं अस्तर, म्हणजे लेन्सचं काळं झाकण आत पडलं तरी चटकन दिसावं. तळाशी शेंगदाण्यांची टरफलं.

हिराबाई सांगत गेल्या. घोंगडी त्यांच्या सासऱ्यांची, एका अंगाने फाटलेली. तुम्ही अर्धी मागून घेतलीत. पौड रस्त्यावर रिक्षांचे हूड शिवणारा एक जण आहे, त्याच्या पुढ्यात बसून कागदावर चित्र काढून तुम्ही ती शिवून घेतलीत. "तिसऱ्या बारीला मनासारकी झाली. त्यो शिवनारा वैतागला व्हता, म्हनला, बाई, रिक्षाचं हूड सोपं." त्यानंतर रोज तुम्ही काळी बॅग घेऊन वाडग्यावर यायचात, ती पत्र्याच्या खोलीत खिळ्याला अडकवायचात, कॅमेरा या पिशवीत घालायचात आणि रानात निघायचात. "त्या काळीचं झाकान वडलं की चर्र करतंया. कोकरं बुजायची, आमची नात रडाया लागायची. हिचा आवाज न्हाई." परत जाताना कॅमेरा काळ्या बॅगेत, आणि ही पिशवी हिराबाईंच्या खोलीत.

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं, ऐका. मी विचारलं, "घोंगडीत ओल धरत असेल ना? काचांना बुरशी येते."

"ओल धराया येळ कुटं मिळाला? कॅमेरा रोज तुमच्याकडंच येत व्हता की मुक्कामाला."

"मग मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"तुमी वरडला आसता."

मी गुंडी फासात अडकवली, पुन्हा काढली.

"न्हाई तर काय वं? मी म्हनायची, बाई, सांगा की घरी, ही काय चोरी हाय व्हय? तर म्हनायच्या, सुमननं लई हौसेनं दिलीया ती काळी, तिला वाईट वाटंल. मी म्हनलं, वाटू द्या एक डाव, मिटंल. तर म्हनल्या, न्हाई हिराबाई, वाईट वाटलं की ती भांडत न्हाई, कपाट आवरती."

वन्सं, ते ऐकून मला हसू आलं. तुमच्या जाण्यानंतरचं पहिलं. हिराबाईही हसल्या, मग डोळ्याला पदर लावला, मग उठल्या. त्यांचं वाडगं हलतं आहे. मालकाने रान विकलं, या वेळी खरी मोजणी आली. पौडच्याही पलीकडे कुठेतरी चालले आहेत. "सामानात कुटं गेली आसती, म्हनून आनली," म्हणाल्या. मी म्हटलं, ठेवून घ्या, तुमचीच आहे. "मला काय करायची? माझी आर्धी घोंगडी हाय की माझ्याकडं." मी काहीतरी द्यावं म्हणून आत गेले, डब्यात लाडू भरले, बाहेर आले तर त्या जिन्याच्या वळणावर पोचल्या होत्या. डबा घेऊन तशीच मागे धावले. "मेंदीचं तेवढं मनात ठिवू नगा," त्या म्हणाल्या. ते मी म्हणायला हवं होतं.

वर आले आणि तेव्हा पिशवीच्या पट्ट्याकडे नीट बघितलं. तपकिरी चामड्याचा, पितळी बक्कल, बक्कलाची जीभ किंचित डावीकडे वाकलेली. तो यांचा, तुमच्या भावाचा, कमरेचा पट्टा होता.

तो पट्टा आपण दोघींनी मिळून शोधला होता, वन्सं! माझ्या कपाटातून गेला म्हणून मी आख्खं घर खाली-वर केलं होतं. तुम्ही त्या दुखऱ्या खांद्याने पलंगाखाली वाकून बघितलंत, माळ्यावरची ट्रंक उघडायला लावलीत. "असेल गं इथेच कुठेतरी," म्हणालात. तेव्हा तो काट्यांच्या कुंपणापलीकडे एका खिळ्याला लटकत होता. दोन दिवस मी तुमच्यावर चिडून होते. रिकाम्या घरात, मेलेल्या माणसावर चिडून. कपाट आवरायला घेतलं, तुमचं वाक्य आठवलं, आणि दार उघडं टाकून खाली बसले.

तिथे बसल्यावर आठवलं. हे गेले तेव्हा त्यांच्या वस्तू मी किती रीतसर वाटल्या होत्या. घड्याळ मुलाला, पेन ईशानसाठी, पुस्तकं वाचनालयाला, शर्ट गरजूंना. प्रत्येकाला विचारलं होतं, तुला काय हवं. तुम्ही तेव्हा आत सगळ्यांसाठी चहा करत होतात. तुम्हाला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. ज्या धाकट्या भावाचं बोट धरून तुम्ही त्याला शाळेत पोचवत होतात, त्याची एकही वस्तू तुमच्याकडे नव्हती. राहिलेलं सगळं माझ्या कपाटात होतं, आणि कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

तुम्ही मागितला असता तर मी पट्टा दिला असता. हे मी आधी दहा वेळा स्वतःला सांगितलं. मग विचार केला, खरंच दिला असता का? 'कॅमेऱ्याच्या पिशवीला लावायचाय' म्हटल्यावर? मी म्हणाले असते, अहो, चामड्याला बुरशी येते, मी तुम्हाला नायलॉनचा मागवून देते. नक्की हेच म्हणाले असते. आणि तुम्ही म्हणाला असतात, छान आहे हो.

रोज माझ्या गॅलरीसमोरून तुम्ही माझी बॅग वागवलीत, जाताना आणि येताना. वाडग्यापर्यंत माझी, पुढे तुमची. एवढं सांभाळून घेणारं माणूस घरात होतं आणि मला वाटत होतं की मी तुम्हाला सांभाळते आहे. तुम्ही भांडला असतात तर बरं झालं असतं, वन्सं. मीही शिकले असते भांडायला. एखाद्या सकाळी तुम्ही ही पिशवी टेबलावर आपटून म्हणायला हवं होतं, ही बघ, ही माझी, बोल काय बोलायचं ते. मी ओरडले असते, मग दोन दिवसांनी तिच्याकडे बघितलं असतं, आणि तो काठ आवडला असता मला. मला आवडलाच आहे तो. तुम्हाला कधी म्हटलं नाही, पण तुमच्या साड्या बघून मी माझ्या घ्यायचे आणि दुकानात रंग आठवायचा नाही, म्हणून बेज घेऊन यायचे.

काल दुपारी मी कात्री घेऊन बसले. विचार असा होता, की कॅमेरा रेवाला पाठवायचा, पिशवीही पाठवायची, पण पट्टा उसवून ठेवून घ्यायचा. माझ्या नवऱ्याचा आहे. पिशवीला दुसरा लावता येईल. हूडवाल्याने मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवण घातली आहे, पण उसवता आली असती. पहिला टाका कापायला पट्टा उजेडात धरला, तर त्याला दोन ठिकाणी भोकं झिजलेली दिसली. एक यांच्या पोटाचं, निवृत्तीनंतरचं, मोठं झालेलं. दुसरं बरंच पुढे, नव्याने पाडलेलं, तुमच्या दुखऱ्या खांद्याच्या मापाचं. तेही तेवढंच झिजलं होतं. तीन पावसाळे तुम्ही त्याला रोज खांद्यावर घेऊन डोंगरावर फिरवून आणत होतात. मी त्याला कपाटात ठेवलं होतं.

कात्री परत खणात ठेवली.

रेवा, आता तुला सांगते. बॅग बघायला दुकानात जाशील तेव्हा तुझा कॅमेरा आणि एकच जादा लेन्स घेऊन जा. जागा जास्त असली की आपण ती भरतो आणि मग खांदा बोलतो. एका हाताने उघडून बघ. आवाज ऐक. आतलं कापड फिक्या रंगाचं घे. जमिनीवर ठेवायला जीव कचरेल अशी बॅग घेऊ नकोस, कारण मग कॅमेरा बाहेरच निघणार नाही. आणि ज्यांचे फोटो काढायचे आहेत ते तिच्याकडे कसे बघतात, ते आधी बघ. यातलं एकही मला दुकानात कळलं नव्हतं. तुझ्या आत्याआजीला सगळं ठाऊक होतं, आणि ती मला टॅक्सीत तेच सांगत होती.

पण तुला दुकानात जावं लागणार नाही. पिशवी पाठवते आहे. पट्टा तुला आखूड वाटला तर आजोबांच्या भोकावर लाव. काळी बॅग मी ठेवून घेते, ती माझ्यासारखी आहे. रात्री कॅमेरा पिशवीतून काढून कोरड्या जागी ठेवत जा. एवढं माझं ऐक.

कॅमेरा चांगला चालतो. दोन्ही लेन्स स्वच्छ आहेत. उरलेली अर्धी घोंगडी हिराबाईंकडे आहे. पिशवीच्या पिवळ्या अस्तराला तळाशी मेंढरांची लोकर आणि शेळ्यांचे केस चिकटलेले आहेत. ते मी झटकलेले नाहीत.